पाच हा पाचच आहे, मग कंपाइलर नाही का म्हणतो?

परवा रात्री साडेअकराला एका ज्युनियरचा फोन आला. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हौस म्हणून स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितोय. म्हणाला, दादा, तीन आठवडे चालणारा कोड आज बिल्डच होत नाहीये आणि मी एक ओळ पण बदललेली नाहीये, शपथ. मी विचारलं मेकफाइलमधे, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते लिहिलेल्या फाइलमधे, काय बदललंस, तर म्हणे काय नाय, जीडीबी या डीबगरने नीट बघता यावं म्हणून ऑप्टिमायझेशन बंद केलं, ओ-टूचं ओ-झीरो केलं बस्स.

तिथेच सापडलं. स्क्रीनवर दोन ओळी होत्या, आधी वॉर्निंग की 'एएसएम ऑपरंड १ प्रॉबेबली डझन्ट मॅच कन्स्ट्रेंट्स' आणि खाली एरर, 'इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट इन एएसएम'. जीसीसी हा सीचा कंपाइलर वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हे दोन वाक्यांचं जोडपं कधी ना कधी भेटतं, मग नेटवरून कुठलंतरी उत्तर उचलून चिकटवतात, एरर जाते, पण झालं काय होतं ते कळत नाही. आणि ते कळलं नाही तर तीच चूक पुढे दुसऱ्या चिपवर, दुसऱ्या कंपाइलरवर परत येते. म्हणून आज जरा बैजवार लिहितो, सी थोडीफार येत असेल तर पुरे.

## आकडा राहतो कुठे

मशीन यायच्या आधी एसटीतल्या कंडक्टरकडे तिकिटांची पत्र्याची पेटी असायची, आठवतंय का? वेगवेगळ्या किमतीची छापील तिकिटं, टिक टिक करून पंच करायचा. किंमत तिकिटावर छापखान्यातच छापलेली. आता हातात मशीन असतं, भाडं जे होईल ते त्या क्षणी छापून येतं. प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनमधे आकडा द्यायचे हेच दोन मुख्य मार्ग आहेत. एक म्हणजे आकडा इन्स्ट्रक्शनच्या बाइटमधेच छापून टाकायचा, याला इमिजिएट म्हणतात. दुसरा म्हणजे आकडा रजिस्टरमधे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात ठेवायचा आणि इन्स्ट्रक्शनने तिथून उचलायचा.

आमच्या या ज्युनियर मित्राचीच इन्स्ट्रक्शन घ्या, एक्स-८६ वरची, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवरची, आऊट. हिचं काम हार्डवेअरच्या एखाद्या पोर्टवर एक बाइट पाठवायचं. पोर्ट नंबर छापून दिला तर ती दोन बाइटची होते, पहिला बाइट 'मी आऊट आहे' सांगणारा आणि दुसऱ्या बाइटमधे पोर्ट नंबर. एका बाइटमधे ० ते २५५ एवढंच मावतं. कीबोर्ड कंट्रोलरचे पोर्ट ९६ आणि १००, ते बसतात. पहिल्या सिरीयल पोर्टचा पत्ता १०१६, तो बसत नाही, त्याच्यासाठी नंबर डीएक्स नावाच्या रजिस्टरमधे टाकून आऊटचं दुसरं रूप वापरावं लागतं. काही इन्स्ट्रक्शनना मात्र हे दुसरं रूपच नाही. इंट ही सॉफ्टवेअर इंटरप्टची इन्स्ट्रक्शन घ्या, तिचा नंबर छापीलच असला पाहिजे, रजिस्टरमधून द्यायची सोयच नाही.

म्हणजे छापखान्याची वेळ गेली की आकडा बदलता येत नाही. छापखाना म्हणजे इथे कंपाइल करायची वेळ.

## कंपाइलर तुमची असेंब्ली वाचतच नाही

सीच्या कोडमधे मधेच प्रोसेसरच्या भाषेत दोन ओळी लिहायच्या याला इनलाइन असेंब्ली म्हणतात. इथे बऱ्याच जणांचा समज असा असतो की कंपाइलर त्या ओळी समजून घेतो. जीसीसी तसं काही करत नाही. त्याच्या दृष्टीने ती एक अक्षरांची माळ आहे जिच्यात टक्का-शून्य, टक्का-एक अशा रिकाम्या जागा आहेत. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा कसा, ठरलेल्या मजकुरात तुमचं नाव गाव भरतो, त्या कलमाचा अर्थ काय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जीसीसी जागा भरतो आणि सगळं असेंबलरकडे, म्हणजे असेंब्लीचे बाइट बनवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, ढकलतो.

मग कुठल्या जागी काय भरायचं हे त्याला कळतं कसं? तुम्ही सांगता म्हणून. प्रत्येक ऑपरंडच्या, म्हणजे आत द्यायच्या गोष्टीच्या, बाजूला एक अक्षर लिहायचं असतं, ते कन्स्ट्रेंट. 'आर' लिहिलं तर रजिस्टर, 'एम' लिहिलं तर मेमरी. 'आय' म्हणजे छापता येईल असा स्थिर आकडा, किंवा लिंक करताना ठरणारा एखादा पत्ता सुद्धा चालेल. छोटा 'एन' म्हणजे पत्ता नको, आत्ताच्या आत्ता माहीत असलेला निव्वळ आकडा. शिवाय प्रत्येक चिपची आपापली अक्षरं वेगळी, एक्स-८६ वर मोठा 'एन' म्हणजे ० ते २५५, खास इन-आऊटसाठी, मोठा 'आय' म्हणजे ० ते ३१, ३२ बिटांच्या शिफ्टसाठी.

हे अक्षर म्हणजे करार आहे. 'आय' लिहिलं की तुम्ही कंपाइलरला सांगताय, इथे तू स्थिर आकडाच छापायचास, नाही जमलं तर सरळ नाही म्हण. आणि तो नाही म्हणतो. म्हणून माझं म्हणणं असं की या एररमधे कंपाइलरची चूक शोधत बसू नये, तो दिलेला शब्द पाळतोय.

## पण आकडा तर मी स्वतः लिहिलाय!

मित्राचं पण हेच म्हणणं. त्याने एक छोटं इनलाइन फंक्शन केलेलं, पोर्ट आणि व्हॅल्यू घेणारं, आत आऊटची ओळ आणि पोर्टला 'आय' कन्स्ट्रेंट. बोलावताना सगळीकडे ९६, १०० असे आकडे स्वतःच्या हाताने लिहिलेले, मग अजून किती स्थिर पाहिजे?

तर ९६ तुम्हाला दिसतोय फंक्शन बोलावता त्या ठिकाणी. असेंब्लीची ओळ आहे फंक्शनच्या आत, आणि तिथे ९६ नाहीच, तिथे आहे 'पोर्ट' नावाचं व्हेरिएबल. ओ-टूला कंपाइलर ते फंक्शन उचलून बोलावलेल्या जागी पसरवतो म्हणजे इनलाइन करतो, मग बघतो की अरे पोर्ट तर इथे कायम ९६ च आहे, म्हणून पोर्टच्या जागी ९६ ठेवतो, आणि हे सगळं उरकल्यावर असेंब्लीच्या ओळीशी येतो तेव्हा हातात आकडा असतो. ओ-झीरोला यातलं काहीच होत नाही, प्रत्येक व्हेरिएबल मेमरीत, फंक्शन वेगळं, पोर्ट म्हणजे स्टॅकवरची एक जागा. त्या जागेत चालताना ९६ येणार हे तुम्हाला माहितीये पण त्या क्षणी कंपाइलरला नाही, आणि छापायचं तर त्या क्षणीच आहे.

म्हणजे तीन आठवडे तो कोड बरोबर होता म्हणून चालत नव्हता, ऑप्टिमायझर दर वेळी मदत करत होता म्हणून चालत होता. आणि ऑप्टिमायझेशनची खात्री कोणी दिलेली नसते. कंपाइलरची आवृत्ती बदलली, फंक्शन जरा मोठं झालं, एखाद्या ठिकाणी आकड्याऐवजी लूपमधला काउंटर दिला, झालं.

मग त्याने पोर्टच्या मागे कॉन्स्ट लावून बघितलं. नाही चाललं. सीमधे कॉन्स्ट म्हणजे 'याच्यात परत लिहू नका' एवढंच, 'याची किंमत आत्ता माहीत आहे' असं नाही. फंक्शनच्या कॉन्स्ट पॅरामीटरची किंमत दर वेळी वेगळी असू शकते की. हा एक शब्दांचा घोळ आहे आणि त्यात भलेभले अडकतात. मग म्हणे ऑलवेज-इनलाइन लावू का? त्याने फंक्शन पसरतं, ओ-झीरोला सुद्धा पसरतं, पण 'पोर्ट म्हणजे ९६' हा पुढचा विचार ओ-झीरोला केला जाईलच याची खात्री नाही, त्यामुळे एरर परत येऊ शकते.

## २०१९ मधे लिनक्सला पण हेच भोवलं

नवशिक्यांचेच घोटाळे आहेत हे असं वाटत असेल तर लिनक्स कर्नलचं ऐका. कर्नलच्या हेडरमधे बरीच वर्षं अशी व्यवस्था होती की कोणी साधं 'इनलाइन' लिहिलं तरी मॅक्रोने त्याचं गुपचूप 'ऑलवेज-इनलाइन' व्हायचं. कंपाइलरला स्वतःच्या अकलेने ठरवू द्यायचा एक पर्याय होता पण तो फक्त एक्स-८६ साठी. २०१९ मधे मासाहिरो यामादा यांनी तो पर्याय ५.२ या आवृत्तीत सगळ्या आर्किटेक्चरना खुला केला, पुढे ५.४ मधे तो सक्तीचाच झाला.

आणि त्या निमित्ताने आर्म-६४, पॉवरपीसी, एस-३९०, मिप्स अशा चिपच्या कोडमधे लपलेली फंक्शनं उघडी पडली. त्यांच्या आत 'आय' कन्स्ट्रेंट होता आणि 'आपण इनलाइन होणारच' हे त्यांनी गृहीत धरलेलं. कंपाइलरने एखाद्या ठिकाणी ठरवलं की हे वेगळं फंक्शनच राहू दे, की आलंच इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट, मित्राच्या स्क्रीनवर होतं तेच वाक्य. उपाय काय केला तर अशा एकेका फंक्शनवर स्पष्टपणे ऑलवेज-इनलाइन लिहिलं. कर्नल ओ-झीरोला बिल्ड करतच नाहीत म्हणून तिथे एवढं पुरतं. मला या सगळ्यातली एक गोष्ट फार आवडते, जे आधी सगळ्यांसाठी सरसकट आणि न बोलता होतं ते आता जिथे खरंच गरज आहे तिथेच आणि उघड लिहिलेलं आहे. वाचणाऱ्याला कळतं की या फंक्शनचं इनलाइन होणं ही हौस नाही, गरज आहे.

## "मग नाही जमलं तर रजिस्टरमधे टाक ना"

हा पहिला आक्षेप, आणि आऊटच्या बाबतीत तो बरोबर आहे. कन्स्ट्रेंटमधे दोन अक्षरं एकत्र लिहिता येतात. मोठा 'एन' आणि छोटा 'डी' असं लिहिलं की अर्थ होतो, ० ते २५५ मधला स्थिर आकडा असेल तर छाप, नसेल तर डीएक्समधे टाक. ओ-झीरोला रजिस्टर, ओ-टूला छापील, १०१६ आला तरी रजिस्टर, कशालाच हरकत नाही. मित्राचा प्रश्न या दोन अक्षरांत सुटला.

पण जिथे इन्स्ट्रक्शनला दुसरं रूपच नाही तिथे काय? रिस्क-फाइव्हचं उदाहरण घेतो कारण आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर याच पठडीतले आहेत, त्यामुळे इथल्या बऱ्याच पोरांच्या हाती ते येताहेत. त्यात सीएसआर नावाची कंट्रोल रजिस्टरं असतात, आणि कुठलं सीएसआर वाचायचं तो नंबर इन्स्ट्रक्शनमधल्या १२ बिटांतच छापावा लागतो. १२ बिट म्हणजे ४०९६ नंबर. 'या फेरीत जो नंबर येईल ते सीएसआर वाच' असा लूप फिरवायचा असेल तर हार्डवेअरमधे तशी सोयच नाही. ओपनएसबीआय या फर्मवेअरमधे एक फंक्शन आहे जे नंबर घेऊन सीएसआर वाचून देतं, आणि आत काय आहे तर एक भलामोठा स्विच, प्रत्येक नंबरासाठी वेगळी केस, प्रत्येक केसमधे तो नंबर छापलेली वेगळी इन्स्ट्रक्शन. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते बोजड वाटलेलं. आता वाटतं हेच प्रामाणिक आहे, शंभर किमतीची तिकिटं लागणार असतील तर पेटीत शंभर गड्ड्या ठेवाव्याच लागतात. आर्मवर लिनक्सचा हार्डवेअर ब्रेकपॉइंटचा कोड सुद्धा असाच केस-केस करून लिहिलेला आहे.

## स्थिर असला तरी मावला पाहिजे

आता अर्धी गोष्ट अजून बाकी आहे, आणि माझ्या मते जास्त फसवी ही आहे. आकडा स्थिर आहे हे कंपाइलरला पटलं तरी तो त्या इन्स्ट्रक्शनमधे बसतो का?

रिस्क-फाइव्हच्या बेरजेत −२०४८ ते २०४७ एवढेच आकडे छापता येतात, हे समजायला सोपं आहे. जुन्या ३२ बिटवाल्या आर्मचं गणित वेगळंच आहे. तिथे आकड्यासाठी १२ बिट, पण त्यातले ८ बिट खऱ्या किमतीला आणि ४ बिट ती किंमत किती फिरवायची ते सांगायला, आणि फिरवायचं ते पण सम घरांनीच. वाण्याकडच्या वजनांसारखं, एकाच वजनात पन्नास ग्रॅम मोजता येतं, किलो मोजता येतं, पण त्रेपन्न ग्रॅमचं वजन पेटीत नसतंच. त्यामुळे २५५ चालतो, २५६ चालतो, २५७ नाही चालत, २५८ नाही चालत, आणि २६० परत चालतो! कारण २६० म्हणजे ६५ दोन घरं सरकवून, आणि २५८ साठी १२९ एक घर सरकवायला लागेल, ते विषम. आकडा मोठा आहे म्हणून नव्हे, त्याच्या बिटांचा आकार बसत नाही म्हणून नकार. ज्याने फक्त १०० आणि १०२४ देऊन टेस्ट केलंय त्याला हे कधी कळणारच नाही.

आर्म-६४ वर अँड, ऑर अशा लॉजिकल इन्स्ट्रक्शनचे इमिजिएट अजून निराळे. १३ बिटांत बिटांची एक पुन्हा पुन्हा येणारी नक्षी लिहितात, ६४ बिटांच्या सगळ्या आकड्यांमधले फक्त ५३३४ आकडेच असे लिहिता येतात. सगळे बिट शून्य आणि सगळे बिट एक हे दोन तर अजिबात नाहीत. ३२ बिटांच्या नक्षीसाठी कन्स्ट्रेंटचं अक्षर 'के'. आणि इथे खुद्द कंपाइलर चुकला होता, जीसीसीच्या काही आवृत्त्या 'के' साठी ४२९४९६७२९५, म्हणजे ३२ च्या ३२ बिट एक, हा आकडा मुकाट्याने स्वीकारायच्या. मग तो जायचा असेंबलरकडे आणि असेंबलर म्हणायचा हे मला लिहिताच येत नाही. म्हणून २०१९ मधे लिनक्सच्या आर्म-६४ मेकफाइलमधे एक चाचणी आली, बिल्डच्या सुरुवातीला कंपाइलरला मुद्दाम 'के' बरोबर ४२९४९६७२९५ देऊन बघतात, त्याने एरर दिली तर तो भरवशाचा म्हणून 'के' वापरतात, स्वीकारला तर वापरत नाहीत. नापास होणं हाच इथे पास.

एक व्यवहारातली खूण सांगतो. एररमधे 'इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट' असं आलं तर नकार कंपाइलरचा आहे, कन्स्ट्रेंट पाळता आला नाही. एरर 'असेंबलर मेसेजेस' या ओळीखाली आली, मग फाइलचं नाव तुमचं असो की टीएमपी फोल्डरमधल्या सीसी-काहीतरी-डॉट-एसचं, तर जीसीसीने जागा भरून दिली होती आणि असेंबलर अडला, म्हणजे तुमचा कन्स्ट्रेंट फार ढिला होता. मित्राने मधल्या काळात 'आय' ठेवूनच १०१६ देऊन बघितला तेव्हा त्याला हीच दुसऱ्या प्रकारची एरर आली. 'आय' म्हणजे कुठलाही स्थिर आकडा, तो २५५ च्या आत असावा हे 'आय' सांगतच नाही.

## "कंपाइलरने स्वतःच असेंब्ली समजून घ्यावी की"

क्लँग या दुसऱ्या सी कंपाइलरमधे असेंबलर आतच असतो, त्यामुळे तो त्या ओळी शेवटी वाचतो खरा. पण शेवटी. कुठला ऑपरंड कुठे ठेवायचा हे त्याच्या आधी ठरलेलं असतं, तेव्हा करार तिथे पण अक्षरांचाच. उलट क्लँग काही कन्स्ट्रेंटसाठी जास्त कडक आहे, छोट्या 'एन' ला त्याला पहिल्याच टप्प्यात शुद्ध स्थिर आकडा हवा असतो, 'पुढे ऑप्टिमायझर बघून घेईल' हे तो ऐकत नाही. जीसीसीवर चालणारा कोड क्लँगवर अडतो त्यातलं हे एक नेहमीचं कारण.

आणि ऑप्टिमायझर मदत करतो तसा घात पण करू शकतो. समजा इफमधे एक असेंब्ली आहे ५ घेऊन आणि एल्समधे तीच असेंब्ली ७ घेऊन. हुशार ऑप्टिमायझरला वाटेल दोन्हीचं एकच करू, फक्त आकडा व्हेरिएबलमधे ठेवू. साध्या कोडला हे छान, पण इथे दोन स्थिर आकड्यांचं एक अस्थिर होऊन बसतं आणि मग तो छापायचा कुठे? म्हणून एलएलव्हीएममधे, क्लँगच्या पोटातलं जे यंत्र आहे त्यात, हे एकत्रीकरण करणाऱ्या कोडला सक्त सूचना आहे की इनलाइन असेंब्ली दिसली तर हात लावू नका, नाहीतर न लिहिता येणारे ऑपरंड तयार होतील.

कोणी म्हणेल असेंब्ली हवीच कशाला, इंट्रिन्सिक आहेत ना, म्हणजे कंपाइलरनेच दिलेली फंक्शनं जी थेट एका इन्स्ट्रक्शनची होतात. वापरा, जमेल तिथे जरूर वापरा, कारण ती कंपाइलरला समजतात. पण छापील आकड्याची अट हार्डवेअरची आहे, ती काही जात नाही. एसएसईची, म्हणजे एक्स-८६ वर एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शनची, शफलवाली फंक्शनं बघा, शेवटचा आकडा स्थिर नसेल तर तिथे पण एरर. जीसीसीच्या स्वतःच्या हेडरमधे अशी बरीच फंक्शनं ऑप्टिमायझेशन चालू असताना इनलाइन फंक्शन म्हणून आणि बंद असताना मॅक्रो म्हणून, अशी दोनदा लिहिलेली आहेत. कंपाइलर लिहिणाऱ्यांनाच ही कसरत चुकली नाही.

## पत्त्यांचा वेगळा त्रास

'आय' मधे व्हेरिएबलचा पत्ता पण देता येतो म्हटलं ना, लिनक्स हे जंप लेबलसाठी, म्हणजे चालू कोडमधली वाट बदलायच्या सोयीसाठी, भरपूर वापरतं. पण कोड शेअर्ड लायब्ररीसाठी, म्हणजे मेमरीत कुठेही बसेल असा, बिल्ड केला की बाहेरून दिसणाऱ्या व्हेरिएबलचा पत्ता लोड होईपर्यंत ठरतच नाही, तो टेबलातून वाचावा लागतो. वाचावा लागतो म्हणजे स्थिर नाही, म्हणजे परत इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट. व्हेरिएबल स्टॅटिक किंवा हिडन करता आलं तर बऱ्याचदा सुटतं. जीसीसी १५ मधे असेंब्लीत सिम्बॉल वापरायला खास नवे कन्स्ट्रेंट आलेत, नवीन कंपाइलर असेल तर ते बघा.

## मग लिहायचं कसं

मी तरी आता एकच प्रश्न विचारतो, हा आकडा स्थिर असण्याची हमी भाषा देतेय का ऑप्टिमायझर? ऑप्टिमायझर देत असेल तर मी ते उधारीचं समजतो.

सीमधे हमी देणारा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे मॅक्रो. दिसायला सुंदर नाही, पण मॅक्रोत आकडा थेट असेंब्लीच्या ओळीपर्यंत पोचतो, मधे व्हेरिएबल येतच नाही. लिनक्समधलं रिस्क-फाइव्हचं सीएसआर वाचणं याच कारणाने फंक्शन नाही, मॅक्रो आहे. इनमची नावं, साइझऑफ हे पण ओ-झीरोला चालतं. सी-२३ मधलं कॉन्स्टएक्स्पर जीसीसी १३ पासून आहे, पण ते व्हेरिएबलला, फंक्शनच्या पॅरामीटरला नाही. सी-प्लस-प्लस असेल तर आकडा टेम्प्लेटचा पॅरामीटर करा, प्रत्येक आकड्यासाठी वेगळं फंक्शन तयार होतं आणि तो आकडा भाषेच्या नियमानेच स्थिर. रस्टने हे सगळ्यात नीट केलंय असं मला वाटतं, तिथे असेंब्लीत ऑपरंडच्या आधी कॉन्स्ट असा शब्दच लिहायचा आणि किंमत भाषेच्या पातळीवर काढली जाते, ऑप्टिमायझेशन असो नसो. रस्ट १.८२ मधे, ऑक्टोबर २०२४ ला, ते स्टेबल झालं.

बिल्टिन-कॉन्स्टंट-पी नावाचं एक हत्यार जीसीसी देतो, 'ही किंमत तुला आत्ता माहितीये का' असं विचारता येतं. त्याचं उत्तर ऑप्टिमायझेशनप्रमाणे बदलतं, तेव्हा वेगासाठी वापरा, बरोबर-चूक त्याच्यावर ठेवू नका. हो आलं तर छापील, नाही आलं तर रजिस्टरवाला मार्ग, आणि दोन्हीकडे निकाल सारखाच, असं असेल तरच.

मित्राने त्याच रात्री मोठा 'एन' आणि 'डी' टाकून आऊट दुरुस्त केलं, मग मला म्हणाला आता सगळी असेंब्ली एकदा ओ-झीरोला, एकदा ओ-टूला आणि एकदा ओ-टू अधिक नो-इनलाइनला, आणि क्लँगवर पण बिल्ड करून बघतो. त्यात त्याला अजून एक सापडलं, इंटचा नंबर फंक्शनच्या पॅरामीटरमधून येत होता. त्याचा त्याने मॅक्रो केला.